जावजी दादाजी चौधरी

जावजी दादाजी चौधरी (इ.स. १८३९ – ५ एप्रिल, इ.स. १८९२) हे मराठी मुद्रक, प्रकाशक आणि अक्षरओतकाम व्यवसायातील अग्रणी होते. मुंबईतील निर्णयसागर छापखान्याचे ते संस्थापक होत. देवनागरी मुद्राक्षरांच्या सुबक वळणासाठी, संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व स्वस्त आवृत्त्यांसाठी आणि काव्यमाला या संस्कृत मासिकासाठी त्यांचे नाव घेतले जाते. पोथी, पंचांग, स्तोत्रे आणि मुहूर्तग्रंथ हे साहित्य हस्तलिखितातच पवित्र मानले जात असे. जुन्या वळणाच्या वाचकाने तेच साहित्य छापील स्वरूपात स्वीकारावे, या स्थित्यंतरात त्यांच्या छापखान्याचा वाटा मोठा आहे.

पार्श्वभूमी

मराठी मुलखात देवनागरी छपाईचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. मिरजेच्या गीतेत संपूर्ण पान एकाच पत्र्यावर कोरलेले होते, तर श्रीरामपूरला सुटे खिळे जुळवून पान तयार होत असे. पुढील काळात दुसरी पद्धतच टिकली.

मुंबईत अमेरिकन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छापखाना सुरू केला. त्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम यांनी मराठी व गुजराती अक्षरांचे ठसे तयार करून मुंबईतील ओतकामाला चांगले वळण लावले. गणपत कृष्णाजी पाटील यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले आणि पुढे स्वतः खिळे पाडून ग्रंथछपाईही केली.

छापील धर्मग्रंथाविषयी मात्र समाजात दीर्घकाळ संशय होता. शाईत प्राण्यांची चरबी असते, कागद कोणाच्या हातून आला हे कळत नाही, अशी कारणे दिली जात. सोवळ्यात छापील पोथीला हात न लावणारी घराणी होती. या आक्षेपाला उत्तर म्हणून तुपात खललेली शाई वापरण्याचेही प्रयोग झाले. शाईची शंका अशा उपायांनी काही प्रमाणात मिटत असली, तरी वळणदार हस्तलिखित वाचण्याची सवय असलेल्या डोळ्याला ओबडधोबड छापील अक्षर पटत नसे. हा प्रश्न ओतशाळेतच सुटणार होता.

बालपण आणि उमेदवारी

जावजींचा जन्म मुंबईत गरीब कुटुंबात झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही आणि दहा वर्षांच्या आसपास वय असतानाच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अत्यल्प वेतनावर कामाला लागले. खिळे घासणे हे त्यांचे तेथील पहिले काम होय.

हे काम कनिष्ठ दर्जाचे मानले जाई, तथापि देवनागरी छपाईत त्याला विशेष महत्त्व आहे. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरतात. तो ठसा तांब्यात ठोकून मातृका तयार करतात आणि साच्यात मातृका बसवून शिशाच्या मिश्रधातूचा रस ओततात. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या बाजूंना धातूची कड राहते. ती दगडावर घासून खिळा चारही बाजूंनी सरळ करावा लागतो. रोमन लिपीत अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात, त्यामुळे घासण्यात किंचित फरक पडला तरी तो सहसा लक्षात येत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेला भिडावी लागते. खिळा केसभर कमीअधिक घासला गेला तर रेषा तुटते किंवा एक अक्षर वर आणि दुसरे खाली दिसते. शिरोरेषा अखंड ठेवण्याचे हे काम जावजींनी ग्रॅहॅम यांच्या ओतशाळेत हाताने केले. त्याच ठिकाणी त्यांना ठसे, मातृका आणि ओतकाम यांचे ज्ञान मिळाले.

मिशनचा छापखाना सोडल्यानंतर त्यांनी मुंबईतील इतर छापखान्यांत नोकरी केली. त्यांत इंदुप्रकाश आणि ओरिएंटल या छापखान्यांचा समावेश होतो. इंदुप्रकाश हे १८६२ मध्ये सुरू झालेले सुधारणावादी पत्र होते. नियतकालिकाची छपाई ठरलेल्या दिवशी पुरी करावी लागते आणि त्यासाठी खिळ्यांचा साठा, जुळाऱ्यांची संख्या व कागदाचा पुरवठा यांचा मेळ बसवावा लागतो. या व्यवहाराचा अनुभव जावजींना येथे मिळाला.

अक्षरओतशाळा

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःची ओतशाळा सुरू केली. छापखाना काढण्यापूर्वी अक्षरे पाडण्याचा व्यवसाय उभा करणे हा त्यांच्या कारकिर्दीचा विशेष होय. या कामी त्यांना राणोजी रावजी आरू यांची साथ लाभली. आरू हे ठसे कोरण्यात निष्णात होते. निर्णयसागरच्या अक्षरांचे सौंदर्य या दोघांच्या सहकार्यातून निर्माण झाले. आरू यांनी कोरलेल्या ठशांवरून मातृका करून घेणे, खिळे ओतवणे आणि त्यांची बाजारात विक्री करणे ही बाजू जावजींनी सांभाळली.

देवनागरीचा एक संच तयार करणे हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम होते. स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, रफार, अनुस्वार आणि अंक मिळून खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. संस्कृतसाठी जोडाक्षरांची संख्या आणखी वाढे. मराठी मजकुरात क्वचित येणारी तीन-चार व्यंजनांची जोडाक्षरे संस्कृत टीकाग्रंथात पानोपानी येतात. मुंबईच्या छपाईत यासाठी दोन पद्धती प्रचलित होत्या. डिग्री पद्धतीत अक्षराच्या खिळ्यावर मात्रा, रफार व अनुस्वार यांचे लहान खिळे स्वतंत्रपणे बसवीत. अखंड पद्धतीत मात्रेसह अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेले असे. पहिल्या पद्धतीत कमी खिळ्यांत काम भागे, पण जुळणी किचकट होई. दुसरीत अक्षर सुबक दिसे, पण केसमधील घरांची संख्या फार वाढे.

निर्णयसागरच्या अक्षरांत उभ्या काण्याची जाडी, वळणातील बारीक-जाड रेषांचे प्रमाण आणि जोडाक्षरांची मांडणी बोरूने लिहिलेल्या बाळबोध हस्ताक्षराशी जुळती ठेवलेली आढळते. जोडाक्षरातील वरखाली बसणारे घटक पुरेसे मोठे असल्यामुळे लहान आकारातही ती वाचता येत. हस्तलिखित पोथीवर पोसलेल्या वाचकाला हे अक्षर परके वाटले नाही. इतर मुद्रकांनीही ते विकत घेतले आणि त्यामुळे हे वळण निर्णयसागरच्या बाहेरही पसरले.

निर्णयसागर छापखाना

ओतशाळेचा जम बसल्यावर १८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. काळबादेवी भागातील कोलभाट लेन हा त्याचा पत्ता संस्कृत अभ्यासकांच्या अनेक पिढ्यांना मुखपृष्ठांवरून परिचित झाला. निर्णय या शब्दाला धर्मशास्त्रात विशिष्ट अर्थ आहे. कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे, तिथीची वृद्धी वा क्षय झाल्यास काय करावे, याविषयीच्या निकालाला निर्णय म्हणतात. निर्णयसिंधु हा कमलाकरभट्टांचा ग्रंथ याच विषयावरचा असून तो व धर्मसिंधु हे दोन्ही ग्रंथ पुढे या छापखान्यातून प्रसिद्ध झाले.

जावजींचे संस्कृतचे अध्ययन पाठशाळेत झालेले नव्हते. ग्रंथ निवडणे, पोथ्या मिळवणे, पाठ ठरवणे आणि मुद्रिते तपासणे यांसाठी त्यांनी शास्त्री-पंडितांना छापखान्याशी जोडून घेतले. काशीनाथ पांडुरंग परब हे त्यांतील प्रमुख होत. छापखान्यातच विद्वान मुद्रितशोधक बसवण्याच्या या व्यवस्थेमुळे निर्णयसागरच्या आवृत्त्या शुद्धतेसाठी विश्वसनीय मानल्या जाऊ लागल्या.

पंचांग, मुहूर्तग्रंथ आणि स्तोत्रे

निर्णयसागर हे नाव ग्रंथ विकत न घेणाऱ्या घरांतही पोहोचले ते पंचांगामुळे. पंचांगाची छपाई जुळाऱ्याची कसोटी पाहणारी असते. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे, त्यांची घटी-पळे, सूर्योदय आणि ग्रहांचे राशिप्रवेश हे सर्व अरुंद रकान्यांत, आद्याक्षरे व अंक यांच्या साहाय्याने बसवावे लागते. मजकुरातील एखादी चूक वाचक संदर्भाने दुरुस्त करून वाचतो, परंतु पंचांगातील चुकलेला अंक तसाच ग्राह्य धरला जातो आणि त्यावर लग्नाचा मुहूर्त किंवा श्राद्धाचा दिवस ठरतो. अंकांचे खिळे एकाच रुंदीचे असणे, रकान्याच्या रेषा न तुटणे आणि लहान अक्षर स्पष्ट उमटणे या गोष्टींना म्हणूनच महत्त्व होते.

हा काळ पंचांगविषयक वादाचाही होता. महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून केली जात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधाशी जुळणाऱ्या गणिताचा पुरस्कार केला आणि त्यानुसार १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. कोणते गणित खरे या प्रश्नावर मतभेद होते, मात्र दोन्ही पक्षांची पंचांगे आता छापूनच निघत होती. जोशीबुवांनी गुढीपाडव्याला वाचून दाखवायचे वर्षफल छापील पुस्तिकेत येणे लवकरच रूढ झाले.

पंचांगाबरोबरच मुहूर्तचिंतामणीसारखे ज्योतिषग्रंथ आणि बृहत्स्तोत्ररत्नाकरासारखे स्तोत्रसंग्रह निर्णयसागरमधून प्रसिद्ध झाले. स्तोत्र, कवच आणि मंत्र यांच्या बाबतीत अक्षराला अर्थापलीकडचे महत्त्व दिले जाते. एक मात्रा चुकली तर पाठ निष्फळ होतो, अशी श्रद्धा असते. त्यामुळे अशा पुस्तकांत सुबकतेइतकीच अचूकताही आवश्यक होती. सुट्या आडव्या पानांची पोथी आणि शिवलेले पुस्तक या दोन्ही आकारांत धार्मिक ग्रंथ उपलब्ध असल्यामुळे पारायण करणारा भाविक आणि अभ्यासक अशा दोघांचीही सोय झाली.

याच सुमारास मुंबईत गूढविद्येच्या नियतकालिकाचाही उदय झाला. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल हेन्री ऑल्कट हे फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईस येऊन गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी द थिऑसॉफिस्ट हे इंग्रजी मासिक सुरू केले. १८८२ च्या अखेरीस सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळील अड्यार येथे हलेपर्यंत ते मुंबईतून निघत होते. सोसायटीचे मुंबईतील कार्यकर्ते तुकाराम तात्या यांनी योग व वेदान्तविषयक ग्रंथांचे प्रकाशन केले. थिऑसॉफिस्टांना ज्या प्राचीन ग्रंथांत गूढ ज्ञान दिसत होते, तशाच ग्रंथांच्या मूळ संहिता निर्णयसागर छापत होता. मात्र निर्णयसागरच्या पुस्तकांत गूढतेचा आभास निर्माण करणारी सजावट आढळत नाही. वेताळाच्या कथा ज्यात येतात तो सोमदेवाचा कथासरित्सागरही १८८९ मध्ये दुर्गाप्रसाद व परब यांच्या संपादनाखाली याच छापखान्यातून इतर काव्यग्रंथांप्रमाणेच साध्या, स्वच्छ मांडणीत निघाला.

काव्यमाला

१८८६ मध्ये जावजींनी काव्यमाला हे संस्कृत मासिक सुरू केले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब हे त्याचे संपादक होते. अप्रसिद्ध किंवा दुर्मीळ काव्ये, नाटके, चंपू, भाण, प्रहसने आणि अलंकारग्रंथ क्रमशः छापावेत आणि पूर्ण झाल्यावर ते स्वतंत्र पुस्तकरूपाने मिळावेत, अशी योजना होती. लहान कृती गुच्छक या नावाने एकत्र दिल्या जात. गोवर्धनाची आर्यासप्तशती, हालाची गाथासप्तशती, जगन्नाथ पंडितांचा रसगंगाधर आणि आनंदवर्धनाचा ध्वन्यालोक हे ग्रंथ या मालेत आले. भरताचे नाट्यशास्त्र जावजींच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथांच्या मोजक्याच पोथ्या उपलब्ध होत्या, ते आता वर्गणीदाराला टपालाने घरी मिळू लागले.

या मालेच्या मुखपृष्ठांना आणि शीर्षकपानांना ठराविक बांधणी होती. चौकटीत ग्रंथाचे नाव मोठ्या ठळक अक्षरात, त्याखाली ग्रंथकार व टीकाकार, नंतर संपादकांची नावे उतरत्या आकारात दिलेली असत. तळाशी छापखान्याच्या मालकाने तो ग्रंथ मुद्राक्षरांनी अंकित करून प्रसिद्ध केला, अशा आशयाचे संस्कृत वाक्य येई. छापखान्यासाठी त्यात यंत्रालय हा शब्द योजलेला असे. शक आणि इसवी सन अशी दोन्ही वर्षे व किंमत दिली जाई. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव व स्थळ छापणे बंधनकारक केले होते. त्यानुसार ग्रंथ नोंदवल्याचा उल्लेखही पानावर असे. चित्राचा आधार न घेता केवळ अक्षरांचे आकार आणि मोकळी जागा यांवर उभे असलेले हे पान निर्णयसागरची ओळख बनले.

आतील पानांत मूळ श्लोक मोठ्या खिळ्यांत, टीका लहान खिळ्यांत आणि पाठभेद तळटीपांत अशी रचना असे. हस्तलिखितांत मूळ मजकूर मध्यभागी आणि टीका वरखाली लिहिण्याची पद्धत होती. त्या पद्धतीत टीका व श्लोक यांची जागा पानोपानी बदले. निर्णयसागरच्या मांडणीत वाचकाला हवा तो मजकूर ठरल्या ठिकाणी मिळे.

मराठी नियतकालिके

विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेले बालबोध हे मुलांसाठीचे मासिक निर्णयसागरमधून निघत असे. चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती असे त्याचे स्वरूप होते. त्यातील बहुतेक मजकूर ओक स्वतः लिहीत. व्यवहारात आणि दप्तरात मोडी लिपी रूढ असण्याच्या त्या काळात मुलांना देवनागरी म्हणजेच बाळबोध अक्षराची गोडी लागण्यास अशा स्वच्छ छापलेल्या मासिकाचा उपयोग झाला. हे मासिक ओकांच्या हयातीत, म्हणजे १९१४ पर्यंत, खंड न पडता चालले.

१८९० मध्ये वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली काव्यसंग्रह हे मासिक निघू लागले. संस्कृतसाठी काव्यमालेने जे केले, तेच प्राचीन मराठी कवींसाठी करावे असा त्याचा हेतू होता. मोरोपंतादी कवींच्या रचना त्यातून क्रमाने प्रसिद्ध झाल्या.

मृत्यू आणि पुढील काळ

५ एप्रिल, १८९२ रोजी वयाच्या सुमारे त्रेपन्नाव्या वर्षी जावजींचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखान्याची धुरा सांभाळली. पुढे पांडुरंग जावजी आणि त्यानंतर सत्यभामाबाई पांडुरंग यांची नावे प्रकाशक म्हणून आढळतात. काव्यमालेचे संपादन पंडित शिवदत्त यांनी पुढे चालवले.

वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्या संपादनाखाली योगवासिष्ठ, याज्ञवल्क्यस्मृती आणि उवट-महीधरांच्या भाष्यांसह शुक्ल यजुर्वेद संहिता असे मोठे ग्रंथ निघाले. वैदिक मजकुरात अक्षरांच्या वरखाली स्वरचिन्हे द्यावी लागतात. जावजींच्या काळात उभी राहिलेली ओतकामाची परंपरा या छपाईला उपयोगी पडली. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेल्या चरक व सुश्रुत संहितांच्या आवृत्त्याही निर्णयसागरच्याच होत. विसाव्या शतकात यांत्रिक जुळणीचा प्रसार झाल्यावर हाताने जुळवायच्या खिळ्यांचा धंदा ओसरत गेला आणि छापखान्याचे पूर्वीचे स्थान राहिले नाही.

मूल्यमापन

काव्यमालेतील अनेक आवृत्त्या मोजक्या हस्तलिखितांवर आधारलेल्या होत्या. पाठभेदांची चिकित्साही आजच्या अपेक्षेइतकी सखोल नव्हती. पुढे निघालेल्या चिकित्सक आवृत्त्यांनी त्यांतील काहींची जागा घेतली. तरीही कित्येक ग्रंथ सर्वप्रथम छापून उपलब्ध करण्याचे श्रेय निर्णयसागरकडे जाते आणि संस्कृत संशोधनात या आवृत्त्यांचे पृष्ठांक आजही संदर्भासाठी दिले जातात.

जावजी हे शास्त्री नव्हते आणि त्यांनी स्वतः ग्रंथरचनाही केली नाही. ओतशाळेतील मजुरीपासून सुरुवात करून त्यांनी अक्षर पाडणे, जुळवणे, तपासणे आणि विकणे ही सर्व कामे एका छत्राखाली आणली. ज्या समाजात छापील पोथीला हात लावण्याविषयी शंका होती, त्याच समाजातील विद्वानांनी पुढील दोन पिढ्यांत निर्णयसागरची प्रत प्रमाण मानली. तुकाराम जावजी आणि पांडुरंग जावजी यांच्या नावांतून जावजींचे नाव त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशके संस्कृत ग्रंथांच्या शीर्षकपानांवर छापले जात राहिले.